दिव्याला फुटलेला घाम

कोजागिरी आटोपली की भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या एकोडीत पहाटेचं अंगावर घ्यावंसं वाटतं. बांध्यांमधला हलका धान कापणीला आलेला असतो, भारी अजून लोंबीत दाणा भरत उभा असतो, आणि दोन्हींवर पाऊस नसतानाही रात्रीतून पाणी पडलेलं असतं. अंगणात उघड्यावर लावलेली गाडीही तशीच भिजते. सकाळी फडकं घेऊन टपावरचं, बोनेटवरचं दव पुसायचं, मग पुढचे दिवे पुसायचे, हा माझा नेहमीचा उद्योग. त्या दिवशी उजवा हेडलाइट पुसला, पुन्हा पुसला, फडकं बदलून पुसला, तरी तो धुकटच. पुसलं जाईना, कारण ते धुकं आतून होतं. काचेच्या आतल्या बाजूला बारीक बारीक थेंबांची साय धरली होती आणि खालच्या कोपऱ्यात चक्क पाण्याचं एक लहानसं डबकं होतं. शेजारचा डावा दिवा मात्र खणखणीत कोरडा.

साकोलीला तीन ठिकाणी दाखवलं आणि तीन सल्ले मिळाले. पहिला मिस्त्री म्हणाला, "काहून टेन्शन घेता भाऊ, उनात लावा, आपोआप सुकते." दुसरा म्हणाला, "चारी बाजूनं सिलिकॉन मारून देतो. हवेले शिराले जागाच नाही ठेवत." तिसऱ्याने हातात ड्रिल घेऊनच विचारलं, "खालून बारीकसा छेद पाडू काय? पानी टिपकून जाईल." तिघेही अनुभवी, तिघांचा आवाज ठाम. मी कोणाचंच न ऐकता घरी आलो आणि हे पाणी आलं कुठून, याचा हिशेब करत बसलो. त्या हिशेबाने जे सांगितलं, तेच इथे मांडतो.

पाणी कुठून येतं हे भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला खरं तर पितळेने कधीच शिकवलेलं आहे. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो, आणि आमच्याकडे जुन्या घरांत अजून पितळी गुंड आहेत. उन्हाळ्यातल्या लग्नात अशा गुंडात बर्फाची लादी फोडून टाकतात. दहा मिनिटांत गुंड बाहेरून ओला होतो, ओघळ सुटतात, खाली जमीन भिजते. मातीचा माठ पाझरतो म्हणून ओला असतो असं म्हणता येईल, पितळ काही पाझरत नाही. म्हणजे बाहेरचं पाणी आतून आलेलं नाही, ते मांडवातल्या हवेतून आलं. हवेत पाणी वाफेच्या रूपाने असतंच, पण किती राहू शकेल हे तापमानावर ठरतं. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफ होऊन राहतं. २० अंशाला १७ ग्रॅमच. १० अंशाला नऊ-साडेनऊ. हवा गार झाली की जास्तीची वाफ मुक्काम सोडते आणि हाताशी जो सगळ्यात थंड पृष्ठभाग असेल त्यावर पाणी होऊन बसते. ज्या तापमानाला ही बसाबस सुरू होते त्याला दवबिंदू म्हणतात. गुंडाचं अंग दवबिंदूच्या खाली गेलं की गुंडाला घाम फुटतो, आणि हेडलाइटच्या काचेचंही तेच होतं.

पण पहाटे काच हवेपेक्षाही थंड कशी होते? हा प्रश्न विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या लंडनच्या एका डॉक्टरने धसाला लावला. १८१४ साली त्याचा दवावरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याने रात्रीच्या रात्री बागेत घालवून लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके उघड्यावर आणि फळीच्या खाली ठेवले आणि सकाळी तोलले. आभाळाकडे तोंड असलेला पुंजका फळीखालच्यापेक्षा कितीतरी जड भरला. दव आभाळातून पडत असेल म्हणून नव्हे. उघड्यावरची वस्तू आपली ऊब रात्रभर निरभ्र आकाशाकडे किरणांच्या रूपाने देत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते, झाकलेली वस्तू होत नाही. म्हणून ढगाळ रात्री दव कमी आणि निरभ्र रात्री जास्त. म्हणूनच कडुनिंबाखाली किंवा छपरीत लावलेली गाडी सकाळी कोरडी निघते आणि अंगणातली भिजते. एका गाडीचे दोन दिवे वेगळे वागतात त्याचंही एक कारण हेच असू शकतं. एका दिव्यावर घराच्या वळचणीची सावली असते, दुसरा थेट आभाळाखाली. शिवाय बोनेटखाली एका बाजूला बॅटरी आणि गरम इंजिनाचा शेजार, दुसऱ्या बाजूला मोकळी जागा, असाही फरक असतो. तेवढ्याने एका काचेवर साय धरते आणि दुसरीवर नाही.

इथवर सगळं निसर्गाचं झालं. पण मग दिवा पूर्ण बंदच का करत नाहीत, म्हणजे हवाच नको आणि वाफही नको? दुसऱ्या मिस्त्रीचा सिलिकॉनचा सल्ला याच विचारातून आला होता आणि मलाही तो आधी पटला होता. हिशेब केल्यावर पटेनासा झाला.

माझ्या गाडीचा दिवा आतून साधारण आठ लिटरचा आहे असं धरू. दिवा लागला की आतली हवा तापते, समजा २५ अंशांवरून ६५ अंशांवर. तापलेली हवा फुगते, सुमारे १३ टक्के. आठ लिटरमध्ये एक लिटर हवा जास्त झाली, तिने जायचं कुठे? आता उलट बाजू पाहा. तापलेल्या अवस्थेत तो डबा घट्ट बंद केला आणि मग तो गार झाला, तर आतला दाब जवळजवळ १२ टक्क्यांनी उतरतो. एक वीत रुंद आणि दोन वीत लांब काचेवर तेवढ्या फरकाने बाहेरून पडणारा भार भरतो सुमारे शंभर किलो. धान खरेदी केंद्रावर चाळीस किलोचे कट्टे लागतात. तसले अडीच कट्टे रोज रात्री त्या प्लॅस्टिकच्या काचेवर ठेवायचे आणि रोज दिवा लावला की उचलायचे. जोड कुठेतरी सुटणारच. आणि एकदा तो सुटला की गार होणारा दिवा त्याच फटीतून हवा ओढतो. फटीवर पाणी असेल तर पाणीही ओढतो. तापलेल्या दिव्याने रस्त्यावरच्या डबक्यात उडी घेतली किंवा वॉशिंग सेंटरवर त्याच्यावर गार पाण्याचा फवारा मारला की नेमकं हेच होतं. आत अचानक दाब उतरतो आणि दिवा पाण्याचा घोट घेतो.

आमच्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. मालगुजारी तलाव इथे गावोगाव आहेत, कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले आणि सांभाळलेले. त्यांपैकी एकही तलाव नुसती पाळ घालून सोडलेला नाही. जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून प्रत्येकाला सलांग ठेवलेली असते. सलांग बुजवली तर तलाव जास्त भरत नाही, तलाव फुटतो. हेडलाइट बनवणाऱ्यांनीही दिव्याला अशीच सलांग ठेवलेली आहे. दिव्याच्या मागच्या बाजूला हात घातला तर रबराच्या एक-दोन वाकड्या नळ्या बोटाला लागतात, तोंड खाली केलेल्या. हवा आत-बाहेर जाते, पण रस्त्यावरून उडालेलं पाणी उलटं चढून वळण घेऊन आत जात नाही. काही गाड्यांत नळीऐवजी नाण्याएवढी पांढरी चकती असते. ती टेफ्लॉनची, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतो त्याच पदार्थाची, पण ताणून केलेली. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर याने तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांडीला हळूहळू ताणण्याचे प्रयत्न फसल्यावर वैतागून हिसका दिला आणि ती न तुटता भरपूर लांबली, आत असंख्य बारीक छिद्रं पडून. त्या छिद्रांतून वाफेचा एकटा रेणू आरामात जातो. पाण्याचा थेंब त्याच्या मानाने डोंगराएवढा, तो अडतो. पावसाळी जाकिटांपासून हेडलाइटपर्यंत हे कापड तेव्हापासून चालू आहे.

पूर्ण बंद दिवे कधी नव्हतेच असं नाही. अमेरिकेत १९४० पासून सीलबंद हेडलाइट आले. काच, आरसा आणि तार असा एकच जाड काचेचा गोळा, आत निष्क्रिय वायू. त्यात हवाच नसल्याने घाम फुटायचा प्रश्न नव्हता. तार तुटली की अख्खा दिवा फेकायचा. ते सगळे ठराविक गोल किंवा चौकोनी घडणीचे, आणि गाड्यांना तर वाऱ्याला कापणारी, निमुळती नाकं हवी होती. अमेरिकेत १९८३ मध्ये नियम बदलले आणि पुढच्याच वर्षीच्या लिंकन मार्क सेव्हनवर बल्ब बदलता येईल असा, गाडीच्या आकारात बसणारा दिवा आला. पाठोपाठ काचेची जागा पॉलिकार्बोनेटने घेतली. हलकं, दगड लागला तरी न फुटणारं, हव्या त्या आकारात ओतता येणारं. पण ते थोडं पाणी पितंही. वजनाच्या हजारात एक-दोन भाग इतकी ओल ते हवेतून शोषतं आणि तापलं की आत सोडतं. आपण सवयीने काच म्हणतो, पण काच कधीच गेली. तिच्या जागी किंचित ओलसर असलेलं प्लॅस्टिक आलं.

आता तो मुख्य हिशेब, ज्याने माझ्यापुरता निकाल लावला. संध्याकाळी ३० अंशाची, ७० टक्के आर्द्रतेची हवा आठ लिटरच्या दिव्यात आहे. तिच्यात वाफ आहे ग्रॅमचा साधारण सहावा भाग. पहाटे काच १८ अंशाला उतरली. त्या तापमानाला आत मावते त्याहून जास्तीची वाफ भरते सुमारे पाच शतांश ग्रॅम. म्हणजे औषधाच्या ड्रॉपरने टाकलेला एक थेंब. तो एक थेंब लाखो कणांत विखरून काचभर पसरतो आणि आपल्याला वाटतं, दिव्यात पाणी शिरलं! धुकं कितीही दाट दिसो, मालकी एका थेंबाची. दिवा लावला, अर्धा तास चालवला, की तो थेंब पुन्हा वाफ होतो आणि नळीतून वाट धरतो. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं की असं धुकं दोष मानू नये. वाचणारा मात्र विरळा. मीही दिवा धुकटल्यावरच पहिल्यांदा उघडली.

पण माझ्या दिव्याच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी होतं. चमच्यात थेंब बसतात शंभर. हवेच्या वाटेने हे पाणी आलं असतं तर त्याला शंभर रात्री लागल्या असत्या, आणि मधल्या शंभर दिवसांत कणभरही सुकायला नको होतं. तसं होणं शक्य नाही. तेव्हा वाफेने आलेलं पाणी वेगळं आणि पाण्याने आलेलं पाणी वेगळं, हे तिथल्या तिथे स्पष्ट झालं. पहिल्या मिस्त्रीचं आपोआप सुकण्याचं बोलणं धुक्यापुरतं खरं होतं, डबक्यासाठी नव्हतं. ज्याला हा फरक ओळखायचा त्याने फार काही करायला नको. सकाळी बाहेरून काचेवर खडूने पाण्याच्या रेषेशी खूण करायची, दिवा अर्धा तास लावायचा आणि पाहायचं. साय उडाली, खाली पाण्याची रेषा नाही, तर गाडीला काही झालेलं नाही. साय परत परत धरते, थेंब ओघळतात, खालचं पाणी जागचं हलत नाही, तर कुठेतरी दार उघडं राहिलंय.

ते दार शोधायला काचेकडे पाहून उपयोग नाही, बोनेट उघडून मागे पाहावं लागतं. बल्ब बदलायला जे रबराचं किंवा प्लॅस्टिकचं झाकण असतं, ते नव्वद टक्के प्रकरणांत गुन्हेगार निघतं असं मी म्हणणार होतो, पण आकडा माझ्या मनातला आहे, तेव्हा एवढंच म्हणतो की आधी तिथे पाहा. झाकण काढलं जातं, बल्ब बदलला जातो, आणि झाकण घाईत बसवलं जातं. कधी ते बोनेटच्या एखाद्या कोपऱ्यातच राहून जातं. हल्ली पांढऱ्या उजेडाच्या हौसेने बाजारातले पंखेवाले एलईडी बल्ब बसवतात. मागचा पंखा झाकणात मावत नाही म्हणून झाकण गोल कापतात किंवा फेकून देतात. उजेडाचं काय होतं ते होवो, दिव्याला मागून खिडकी मात्र कायमची पडते.

माझ्या बाबतीत दोष माझाच निघाला. श्रावणात एका रात्री मोबाइलच्या उजेडात मीच उजवा बल्ब बदलला होता. रबरी झाकणाची कड एका बाजूने खाचेत बसली होती, दुसऱ्या बाजूने दुमडली होती. बाहेरून पाहिलं तर बसल्यासारखं. त्या दुमडीतून उरलेला पावसाळाभर पाणी गेलं. पण गेलेलं पाणी बाहेर का आलं नाही? खालच्या वाकड्या नळीत काडी घातली तर काडी अडली. नळी काढून पाहिली, तोंडाशी चिकणमातीचा गोळा. कुंभारणीने घर बांधलं होतं. ही सडपातळ, लांब कमरेची माशी पोकळ नळी दिसली की सोडत नाही. मातीच्या गोळ्या आणून आत कोठी करते, कोळी भरते, अंडं घालते आणि तोंड लिंपते. फेब्रुवारी १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकजवळ समुद्रात एक प्रवासी विमान कोसळून १८९ माणसं गेली. वेग मोजणारी नळी बुजल्याने ते घडलं, आणि संशय अशाच एका मातकाम करणाऱ्या माशीवर होता. त्या मानाने माझा दिवा स्वस्तात सुटला. माशी नसेल तिथे चिखल, आणि राईस मिलच्या आसपास राहणाऱ्यांच्या गाड्यांत कोंड्याची धूळ हेच काम करते. सलांग बुजली होती आणि पाळ फुटली होती, एकाच दिव्यात.

आता सुकवण्याची गोष्ट. तांदळात ठेवायची कल्पना कोणीतरी काढतोच, मोबाइल पाण्यात पडला की काढतात तशी. आमच्याकडे तांदळाची कमी नाही, पण तांदूळ स्वतःच ओला असतो. सरकारी खरेदीत धानात १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, नीट सुकवलेल्या तांदळातही बारा-तेरा टक्के पाणी असतं. तो दुसऱ्याचं पाणी काय ओढणार! बुटाच्या डब्यातल्या पुडीत असतात ते सिलिका जेलचे मणी मात्र कामाचे. स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी ते धरतात. काही गाड्यांत दिव्याच्या आत अशी पुडी कंपनीच बसवून देते. घरगुती पुडी आत कायमची टाकू नये. ती बल्बला टेकली तर करपते, फाटली तर मणी दिवाभर खुळखुळतात. सुकवताना तासभर मागच्या तोंडाशी लटकवून मग काढून घ्यायची.

सुकवायचं ते दिवस पाहून. पावसाळ्यात हेअर ड्रायरने आत गरम हवा मारली तरी त्या हवेत बाहेरइतकंच पाणी असतं. ती गरम आहे म्हणून कोरडी वाटते, गार झाली की साय परत धरते. जिथे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे आषाढात दिवा पूर्ण कोरडा करण्याचा हट्ट फुकट आहे. त्या दिवसांत साचलेलं पाणी तेवढं काढावं आणि गळती बंद करावी. दिवाळीच्या सुमारास कोरडं ऊन पडतं, तेव्हा दुपारी गाडीचं तोंड उन्हाकडे करून, दोन्ही मागची झाकणं काढून दोन-तीन तास ठेवावी. पाणी फार असेल तर दिवा उतरवून उलटा करावा, सलाइनच्या नळीने ओढून घ्यावं. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नये. त्या टाकीत पाणी आणि तेल दोन्ही साचतं आणि त्यांचा फवारा आत बसतो. आतून पुसायचा मोह तर सगळ्यात वाईट. आतल्या आरशावर ॲल्युमिनियमचा थर असतो तो निर्वात पेटीत बाष्प करून चढवलेला, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ. काडीला कापूस लावून एकदा फिरवला की तो कापसावर येतो. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यांनी पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. हॅलोजन बल्ब हातात धरायची वेळ आली तर काचेला बोट लावू नये. बोटाचं तेल तापल्यावर तिथेच जास्त उष्णता धरतं आणि बल्ब फुटतो.

तिसऱ्या मिस्त्रीच्या छेदाबद्दल सांगायचं राहिलं. छेद पाडला की पाणी जातं, हे खरंच. पण त्याला वळण नसतं, जाळी नसते. पावसाळ्यातल्या संध्याकाळी दिव्याभोवती किती किडे फिरतात ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. दोन महिन्यांत आत पंखांचा खच पडतो, धूळ बसते, आरसा भुरका होतो. रस्त्यावरचा आणखी एक उपाय आहे. ट्रक ड्रायव्हर पुढच्या काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा घासतात, पाणी थेंब न होता पातळ पापुद्र्यासारखं पसरावं म्हणून. त्या युक्तीत विज्ञान आहे. हेडलाइटला आतून जो धुकंरोधक लेप देतात त्याचंही तत्त्व तेच, थेंब होऊ द्यायचा नाही, पसरू द्यायचा. पण बंद दिव्यात बटाटा फिरवायला हात जात नाही, आणि तंबाखू खर्ऱ्यातच राहिलेली बरी.

थेंब आणि पापुद्रा यातला फरक रस्त्यावर दिसतो. खालच्या झोताला वर एक सरळ कड असते, उजेड तिच्या खाली राहतो, समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. काचेवरचा प्रत्येक थेंब हे एक इवलं भिंग. लाखभर भिंगं उजेडाला लाखभर दिशांना वळवतात, कड विरघळते. आपल्याला समोरचं कमी दिसतं आणि समोरच्याला आपला दिवा जास्त दिसतो. साकोलीच्या पुढे महामार्ग नागझिरा आणि नवेगावच्या जंगलांमधून जातो. तिथे रात्री रस्ता ओलांडणारं जनावर कधी दिसतं यावर बरंच काही असतं.

नव्या गाड्यांत धुक्याच्या तक्रारी वाढल्या त्यात एलईडीचा हात आहे, आणि हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब उजेडापेक्षा उष्णताच जास्त देतो आणि ती किरणांबरोबर थेट काचेवर जाते. तोच काचेचा शेक. एलईडीचा झोत गार असतो, त्याची उष्णता मागच्या धातूच्या पंखांत जाते. वीज वाचते, पण काच शेकली जात नाही, आणि अर्ध्या तासात उडणारी साय तासभर रेंगाळते. दुचाकीवाल्यांचं एका अर्थी बरं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर दिवसाही लागतो, त्यामुळे आतली हवा रोज थोडीफार खेळती राहते.

मी केलं ते इतकंच. नळीतलं कुंभारणीचं घर काढलं, नळी धुऊन बसवली, चमचाभर पाणी ओढलं, एका कोरड्या दुपारी दिवा उन्हात उघडा ठेवला आणि रबरी झाकणाची कड या वेळी उजेडात, बोटाने चारी बाजूंनी चाचपून खाचेत बसवली. सिलिकॉन नाही, ड्रिल नाही. खर्च म्हणाल तर सलाइनच्या नळीचा.

पुढच्या आठवड्यात आभाळ निरभ्र होतं आणि पहाटे चांगलाच गारठा होता. फडकं घेऊन अंगणात गेलो. बाहेरचं दव पुसलं. उजव्या दिव्यात आतून साय होती, आणि डाव्यातही, तेवढीच. गाडी काढली. साकोलीच्या चौकात पोहोचेपर्यंत दोन्ही निवळले होते.